पाच वर्षांचा साठा

डॉक्टर हेमांगींनी तपासणीचा कागद कुंदनकडे वळवला आणि पेनाचे टोपण एका ओळीवर टेकवले. "सर, हा आकडाही खरा नाही. त्या यंत्राला त्र्याऐंशीच्या खाली मोजताच येत नाही, म्हणून 'त्र्याऐंशीहून कमी' असं छापलंय. निदान दोनशेच्या वर हवं." मग त्या हसल्या, सकाळपासून वाईटच सांगत आलेल्या माणसाला मध्येच एक बरे वाक्य सापडावे तशा. "म्हणजे बातमी चांगली आहे. आईंचा मेंदू आटत चाललाय वगैरे काही नाही. जीवनसत्त्व ब-बारा शरीरात उरलेलंच नाही. सुया सुरू करू. बऱ्याचशा परत येतील त्या." परत येतील, हे शब्द कुंदनने ऐकले, पण सुटल्यासारखे वाटले नाही. पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी, तसे झाले. त्याने मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला, आणि पालकसभेत वापरतो तोच आवाज आपण वापरला हे त्याच्या लक्षात आले.

पडद्यापलीकडे खाटेवर बसलेल्या अक्काची बाही नर्सने वर केली होती. अक्का म्हणजे त्याची आई, शेवंताबाई. वय एकाहत्तर, आणि गेल्या दोन वर्षांत घराला ठाऊक झालेले आणखी एक वय, जे कधी नऊ असे, कधी तीस. तपकिरी कुपीतून सिरिंजमध्ये चढणारे औषध लाल होते. कुंदनने नजर खिडकीकडे नेली. "डोळे मिटा आजी, दुखणार नाही," नर्स म्हणाली. "सुई तुले मारनी शे," अक्का म्हणाली, "मी कसाले डोया मिटू?" नर्स खळखळून हसली. अक्काचा हा तिरकसपणा आजारातही अधूनमधून असा वर येई, आणि पुढच्याच क्षणी ती नर्सला तिच्या माहेरचे नाव विचारून, ते ऐकून, पुन्हा विचारत असे. मागच्या आठवड्यात रक्त घेण्यापूर्वी डॉक्टरांनी बारीकसारीक प्रश्न विचारले होते. पाय फाकवून टाकतात का? हो. तळव्यांना काय वाटतं? "कापूसवर चाली राहिनू," असे अक्काने स्वतःच सांगितले. जीभ पाहिली, ती लाल आणि काचेसारखी गुळगुळीत होती. अंडी, मांस? घर माळकरी, अंड्याचे टरफलही कधी उंबऱ्याच्या आत आलेले नाही. दूध, दही, ताक? इथे उत्तर कुंदनने दिले होते. "सोडलंय." कधीपासून? "आठ वर्षं झाली. धाकटा भाऊ गेला, त्याच्या नावानं." आज डॉक्टरांनी नेमके तेच वाक्य आपल्या कागदावर शोधून काढले. "इथंच आहे सगळं. आपल्या शाकाहारी माणसाला ब-बारा मिळतं ते दूधदुभत्यातूनच. यकृतात साठा असतो त्याचा. चार-पाच वर्षं पुरतो. तोवर कुणाला काही कळत नाही, उलट लोक म्हणतात, बघा, काही बिघडलं का हिचं? साठा संपला की मग नसा, चालणं, आठवण, एकेक सुटत जातं." मग त्यांनी सहज विचारले, "सर, तुम्ही शिकवता काय?" "विज्ञान. आठवी ते दहावी." डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि ती नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक लिहिली.

बावीस वर्षे त्याने तो तक्ता फळ्यावर काढला होता. अ, रातांधळेपणा. क, हिरड्यांतून रक्त. ड, मुडदूस. ब-बारा, पांडुरोग, स्रोत दूध, मांस, अंडी. 'जोड्या लावा' या प्रश्नासाठी त्यातली चार नावे उलटसुलट करून द्यायची, म्हणजे मुलांचे चार गुण हमखास. त्यातली आठ वर्षे तो तक्ता पुसून, हातावरचा खडू झटकून तो जळगावच्या आपल्या घरी आला होता आणि समोर बसून कोरा चहा पिणारी आई त्याने पाहिली होती. डाव्या बाजूचा शब्द आणि उजव्या बाजूचा शब्द यांच्यामध्ये रेघ ओढायची त्याला कधी बुद्धी झाली नाही. की झाली होती? एसटीच्या खिडकीशी अक्का आणि तिच्या शेजारी तो, अशी धुळ्याहून परतीची गाडी फागण्यापाशी खड्ड्यांतून आदळत निघाली तेव्हा त्याने स्वतःला हे नीट, परीक्षकाच्या तटस्थतेने विचारून पाहिले. बुद्धी झाली नाही असे नव्हते. ती रेघ ओढली असती तर तिच्या टोकाशी दूध आले असते, आणि दुधाविषयी बोलायचे म्हटले की त्या दुपारविषयी बोलावे लागले असते.

ती दुपार घरातल्या सगळ्यांना पाठ होती. मार्च महिना. कुंदन पुढच्या खोलीत दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलेला. अमृतला बासुंदी खायची लहर आली होती. सव्वीस वर्षांचा, मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा तो दणकट मुलगा दुधाच्या पदार्थांपुढे सहा वर्षांचा होत असे. "म्हशीनंच आन," अक्काने स्वयंपाकघरातून बजावले. "गायनं पातय ऱ्हास." किटली घेऊन तो मोटारसायकलवर निघाला. गल्लीच्या टोकाची डेअरी सोडून तो महामार्ग ओलांडून पलीकडे गेला आणि परत येताना केळ्यांनी भरलेल्या ट्रकखाली आला. याचा अर्थ सर्वांनी एकच लावला, अक्काने सर्वांत आधी: गल्लीत म्हशीचे दूध नव्हते, आणि आईने म्हशीचेच सांगितले होते. तेराव्याच्या दिवशी, जमलेल्या बायकांसमोर, तिने कपाळाला हात लावून म्हटले होते, "मी म्हशीनंच सांगं. नही ते तो गल्लीमाईनच परत येता." आणि मग, कोरड्या आवाजात, "आजपाईन दूध नही. दही नही, ताक नही. बठ्ठं सोडं." खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी कारले सोडते, कुणी आंबा. अक्काने माणसाच्या जेवणातून जे सुटत नाही तेच सोडले, म्हणून तिचे कौतुक झाले. एक आत्या तर म्हणाली, "वयनी, तुनं मन मोठं शे." कुंदन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तोंड उघडायची ती वेळ होती. अमृत आधी एकदा परत आला होता, हे त्या घरात फक्त त्याला माहीत होते. गल्लीतली डेअरी पाहून तो दहा मिनिटांत फाटकाशी येऊन थांबला होता, गाडी चालूच ठेवून. "भाऊ, म्हशीनं सरी गयं. गायनं आनू का?" आणि कुंदनने हातातल्या उत्तरपत्रिकेवरून मान न उचलता म्हटले होते, "हायवेच्या पलीकडं बघ ना. आणि जातोच आहेस तर मला लाल रिफिली आण दोन." बस. गायीचे चालेल, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पोलिसांनी पाकीट, फुटलेला मोबाईल आणि कागदाच्या पुडीतल्या दोन लाल रिफिली त्याच्या हाती दिल्या. त्या कशाच्या, असे कुणी विचारले नाही. मास्तरच्या घरात लाल रिफिली असायच्याच.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा अक्काने त्याच्या कोपराला हात लावला. "अमृत उना नही आजून?" तिने विचारले, नेहमीसारखेच, काळजीच्या आणि किंचित रागाच्या मधल्या सुरात. "येईल," कुंदन म्हणाला. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला तेव्हा घरातली भांडी थांबली होती. मेघाने, त्याच्या बायकोने, पदर तोंडाला लावला होता. जळगावातल्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की वय झाले, आता त्यांना आनंदात ठेवा. मग घर शिकले. 'येईल' हा शब्द सगळ्यांनी वाटून घेतला. पण एका संध्याकाळी, साडेपाचच्या सुमारास, मेघा भाजीला गेलेली असताना, शाळेत दिवसभर बोलून घसा बसलेल्या कुंदनला तो शब्दही जड झाला. अक्काने विचारले आणि तो म्हणाला, "तो येणार नाही, अक्का. मी त्याला पाठवलं." आणि मग त्याने सगळे सांगितले, फाटक, चालू गाडी, गायीचे दूध, रिफिली. सहा वर्षे जिभेवर दगड ठेवून वावरलेल्या माणसाला तो दगड उचलायला इतके थोडे लागते याचे त्याला आश्चर्य वाटले. अक्काने लक्षपूर्वक ऐकले. शेवटी तिने आस्थेने विचारले, "मंग? भेटनी का तुले रिफिल?"

त्या दिवशी तो मोरीत जाऊन नळ सोडून रडला, आणि नंतर, ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नसती, त्याला गाढ झोप लागली. म्हणून त्याने पुन्हा सांगितले. आठ-दहा दिवसांनी, मग आठवड्याला, मग मेघा घरी नसेल त्या दर संध्याकाळी. अक्का कधी "कोन अमृत?" म्हणे, कधी "गरीब पोर" म्हणून चुकचुके, कधी त्याच्याच डोक्यावरून हात फिरवी. उद्यापर्यंत तिच्याजवळ काहीच उरणार नाही याची खात्री असल्यामुळे तो हळूहळू निर्धास्त झाला. सांगण्याला धार आली, मग घोटीवपणा. कुठे थांबायचे, कोणता शब्द आधी घ्यायचा हे त्याला उमगले. वर्षानुवर्षे शिकवलेला धडा जसा आपोआप बोलला जातो तसा तो कबुलीजबाब बोलला जाऊ लागला. तो नेहमी 'रिफिली आण दोन' इथे संपे. आईच्या आजाराचा आपल्याला उपयोग होतो आहे, हे त्याला समजत नव्हते असे नाही. आणि आज धुळ्यात एका दमलेल्या, सज्जन बाईने त्याला सांगितले होते की ती परत येईल. पाळधीच्या पुढे गाडी महामार्गाच्या, अमृत गेला त्या पट्ट्यावर आली तेव्हा त्याने सवयीने डोळे मिटून घेतले. अक्काच्या दंडावर सुईच्या जागी कापसाचा बोळा चिकटलेला होता. त्या लाल थेंबांनी आत जाऊन कामाला सुरुवात केली असेल, असे त्याच्या मनात आले. तिच्या आठवणींच्या कुठल्या खोलीपासून ते सुरुवात करतील, पुढच्या की मागच्या?

सुरुवातीला काहीच घडले नाही. गल्लीतली एक परिचारिका रोज सकाळी येऊन सुई देऊन जाई. पहिल्या आठवड्यानंतर ती आठवड्यातून एकदा येऊ लागली. मेघाला हसावे की चिडावे ते कळत नव्हते. "मला एक सांगा," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ब-बारा, दूध, यकृत, हे सगळं तुमच्या पुस्तकात आहे ना? पुनमच्या नववीच्या पुस्तकात मी वाचलं परवा. चौकटीत दिलंय." पुनम ही त्यांची मुलगी. "आहे," तो म्हणाला. "मग तुम्ही मुलांना काय, चौकट पाठ करायला सांगता?" "परीक्षेत तेवढंच येतं." मेघाने पोळी तव्यावर टाकली. "सायन्सचे सर," ती म्हणाली, तव्याला उद्देशून, आणि त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. दोन वर्षे सासूला अंघोळ घालणाऱ्या बाईला जेवढा असायचा तेवढा. बाराव्या दिवशी अक्काने विचारले की भिंतीवर मागचा महिना का लटकतो आहे. सोळाव्या दिवशी तिने वरणाची चव घेऊन वाटी खाली ठेवली. "मना भाजीवरणाले नावं ठेवी राहिन्यात," मेघाने फोनवर आपल्या आईला सांगितले, आणि मग हसून, शहरी मराठीत, "म्हणजे खरंच बऱ्या होताहेत गं." सर्वजण खूश होते. कुंदनही होता. शाळेत सहकाऱ्यांनी पेढे मागितले आणि त्याने ते आणले. पण घरी शिरताना तो आता चपला जपून काढू लागला. ज्या घरात कुणीतरी जागे आहे, त्या घरात शिरताना काढतात तशा.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या झोपेतून उठून, अक्का पलंगावर तशीच बसून राहिली. मेघा चहा घेऊन गेली तेव्हा तिने वर पाहिले. "अमृत तर गया ना?" ती म्हणाली. प्रश्न होता, पण उत्तर नको असलेला. मेघाने कप खाली ठेवला आणि ती तिच्याशेजारी बसली. कुंदन शाळेतून आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी अक्का रडली नव्हती. तेव्हा तिला दूध सोडायचे होते, पाहुण्यांचे बघायचे होते, स्वतःला दोष द्यायचा होता. या वेळी ती दोन दिवस रडली, आवाज न करता, रस्त्याकडेच्या नळाला तोटी नसावी तशी. दुसऱ्या दिवशी मेघा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "बंद करा त्या सुया. अहो, दोन वर्षं सुखात होत्या त्या. रोज वाट बघत होत्या त्याची." "सुया बंद केल्या तर पाय जातील तिचे." "पाय," मेघा म्हणाली, आणि कणीक मळू लागली. कुंदन मात्र मेघाचे 'सुखात होत्या' हेच घोळवत राहिला. मुलाच्या नावाने तिने दूध सोडले, आणि ते दूध सोडल्यामुळेच, मुलगा मेला हे ती विसरली. शरीराने तिच्यावर ही दया केली की थट्टा, हे त्याला ठरवता येईना. एवढे मात्र स्पष्ट होते की सोडायचे कारण खोटे होते, आणि ते खोटे त्याने सांभाळले होते. पाच वर्षे तिच्या यकृताने जे पुरवून पुरवून वापरले, ते संपत असताना तो तिच्यासमोर बसून कपात साखर ढवळत होता.

ती सावरली. काठीशिवाय मोरीपर्यंत जाऊ लागली. तळव्यांखालचा कापूस गेला, आता फक्त मुंग्या आहेत म्हणाली. कुंदन तिचा चेहरा वाचू लागला. ती ताट सारते आहे ती नेहमीसारखी की काही समजून? आपल्याकडे पाहून तिने नजर वळवली की उजेडामुळे? तिच्याजवळ काय परत आले आहे आणि काय नाही, याची यादी कुणी दिली नव्हती. डॉक्टरांना त्याने फोनवर विचारले होते, आजारातल्या दिवसांतले काही आठवेल का, आणि त्या म्हणाल्या होत्या की सांगता येत नाही, काहींना तुकडे आठवतात. तुकडे. मग एका संध्याकाळी, साडेपाचलाच, अक्का म्हणाली, "तू रोज काय सांगे रे माले?" त्याने कप बशीत ठेवला. "कधी?" "मी आजारी व्हतू तव्हय." तिने तो बसला होता त्या जागेकडे बोट दाखवले. "आठेच बसे तू. तुना आवाज ध्यानमा शे. बोलनं नही." ती त्याच्याकडे कुतूहलाने पाहत होती, लहानपणी तो शाळेतून आल्यावर दप्तराकडे पाहायची तशी. "शाळेतलं काहीबाही," तो म्हणाला. "तुला करमावं म्हणून." अक्काने मान डोलवली. "दुःखनं सांगे असं वाटे," ती म्हणाली, आणि मेथी निवडू लागली.

धुळ्याला पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर हेमांगींनी अक्काला रेघेवरून चालायला लावले, तिच्या अंगठ्याला कंप पावणारा नादकाटा टेकवला, आजचा वार विचारला. "तुमना फी घेवाना वार," अक्का म्हणाली. डॉक्टर मनापासून हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "आजी, आता एक ऐका. रोज एक पेला दूध, वाटीभर दही. औषध समजून." अक्काचा चेहरा मिटला. "नही." "का पण?" "सोडेल शे." "आजी, देव रागावणार नाही." "देवना काय संबंध?" अक्का म्हणाली. डॉक्टरांनी कुंदनकडे पाहिले. कुंदनने टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "मग महिन्याला एक सुई. कायमची. त्यानेही भागतं." "चाली," अक्का म्हणाली. आणि कुंदनला सुटल्यासारखे वाटले. ते सुटणे त्याने ओळखले. तेराव्याच्या दिवशी चौकटीला टेकून उभे असताना, कुणी काही विचारत नाही असे पाहून जे अंगात पसरले होते, तेच ते. आठ वर्षांत त्या सुटण्याचे वजनही बदलले नव्हते. महिन्याला एक लाल सुई, आणि अक्का चालेल, बोलेल, कॅलेंडर बदलेल, आणि मरेपर्यंत मानील की तिने आपल्या मुलाला म्हशीच्या दुधासाठी मारले. ज्याची कमतरता होती ते आता दंडातून भरता येत होते. तोंड कुणालाच उघडावे लागणार नव्हते, तिलाही नाही, त्यालाही नाही.

एरंडोलच्या स्थानकात गाडी दहा मिनिटे थांबते. अक्काचे पाय आखडले होते म्हणून ती उतरली, आणि शेडखालच्या सिमेंटच्या बाकावर बसली. दुपारचे दोन वाजले होते. कुणाचे तरी कोंबड्यांचे खुराडे, पेरूची पाटी, कॉलेजातून परतणाऱ्या मुलींचा घोळका. चहावाला किटली घेऊन आला. "आजी, चहा? मस्त दुधाचा शे." "कोरा ऱ्हास का?" "कोरा कुठून आणू?" "मंग ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. चहावाला कुंदनकडे वळला आणि कुंदनने नको म्हटले, आणि आपण बोलणार आहोत हे त्याला बोलण्याच्या क्षणभर आधी कळले. "अक्का, तू म्हशीचं सांगितलंस म्हणून तो तिकडे गेला नाही." ती गाडीकडे पाहत होती, तिने मान फिरवली. मग त्याने सांगितले. पाठ असलेला तो सगळा धडा त्याला ऐन वेळी आठवेना. शब्द मागेपुढे झाले, रिफिली आधी आल्या आणि फाटक नंतर; दोनदा त्याला थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. समोर ऐकणारे माणूस होते, जे उद्याही असणार होते. "तुझी काही चूक नव्हती," तो शेवटी म्हणाला. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू दूध सोडायचं कारणच नव्हतं. तू घे आता. माझ्यासाठी नाही, पण घे."

अक्काचा हात बाकाच्या कडेवर होता आणि बोटे सिमेंटवर काहीतरी चाचपत असल्यासारखी हलत होती. ती ओरडेल, उठून जाईल, किंवा जुन्या संध्याकाळींसारखा त्याच्या डोक्यावर हात ठेवील, अशा तिन्हींची तयारी त्याने आठ वर्षांत कधी ना कधी केली होती. "दूध मी चूक म्हनीसन नही सोडं," ती म्हणाली. "त्याले आवडे म्हनीसन सोडं. तो नही ते माले कसाले?" मग ती त्याच्याकडे पुरती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते रागाच्या इतके जवळ असूनही राग नव्हता. "म्हंजे तो परत उन्हता." "हो. फाटकापर्यंत." "माले वाटे, मीच त्याले शेवटनं दखं. पाठमोरा, किटली लई जातांना. तू दखं त्याले?" तिने कुंदनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय घालेल व्हता? टोपी व्हती का डोकावर? तू रिफिल सांगी, मंग तो काय बोलना?"

त्या दुपारचे कुंदनला काय आठवत नव्हते? उत्तरपत्रिकेवरचा निळा शाईचा डाग आठवत होता. सहावा प्रश्न, दुसरा उपप्रश्न. त्या मुलाने क-समोर मुडदूस लिहून, खोडून, पुन्हा मुडदूसच लिहिले होते, आणि त्याचा अर्धा गुणही द्यावा की नाही यावर आपण घुटमळत होतो, हेही आठवत होते. गाडीचा आवाज आठवत होता. 'रिफिली आण दोन' यानंतर फाटकाकडून काहीतरी आले होते, एक वाक्य, लांबसे, बहुधा शेवटी हसणे. आणि त्यावर त्याने 'हं' म्हटले होते. आपले 'हं' त्याला स्पष्ट ऐकू येत होते. त्याच्या आधीचे, अमृतचे शब्द मात्र नव्हते. शेकडो संध्याकाळी त्याने ही गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी ती स्वतःच्या वाक्यावर संपवली. त्यापुढे कुणी बोलले होते, हे त्याच्या गावीही नव्हते. त्याचे रक्त कुणी तपासले असते तर सगळे आकडे योग्य जागी निघाले असते.

"मला आठवत नाही, अक्का," तो म्हणाला.

कंडक्टरने घंटी दिली. "जळगाव, चला जळगाव!" खिडकीतून कुणीतरी त्यांची पिशवी सीटवर असल्याचे ओरडून सांगितले. कुंदन अर्धवट उठला. "गाडी निघाली, अक्का." तिने त्याचे मनगट धरले; पकड घट्ट होती, दोन वर्षांत कधी नव्हती इतकी. "जाऊ दे. दुसरी येई," ती म्हणाली. "तू याद कर. मी आठेच बठेल शे."

तो खाली बसला. गाडी वळण घेऊन फाटकाबाहेर पडली, धूळ उडाली आणि खाली आली. अक्का त्याच्या तोंडाकडे पाहत होती, डोळे न हलवता. त्याने डोळे मिटले, आणि आठ वर्षांपूर्वीच्या त्या उत्तरपत्रिकेवरून मान वर उचलण्याचा प्रयत्न केला.